हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जाताना: वाट, पाणी, तंबू आणि रात्र

डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर सूर्य सहाच्या सुमारास कोकणात उतरतो आणि त्यानंतर अर्ध्या तासात पायाखालचा दगड दिसेनासा होतो. मुक्कामाच्या ट्रेकचं सगळं नियोजन मी या एका वेळेपासून उलटं मोजत आणतो. डोंगरात झालेले हाल आठवून पाहिले, तर बहुतेकांचं मूळ एकच सापडतं. माणसं उशिरा निघाली, अंधारात पोहोचली, मग तंबू जागा दिसली तिथे लावला, पाणी हात पोहोचला तिथून घेतलं आणि वाट बॅटरीच्या उजेडात चाचपडत काढली. या लेखात वाटा आहेत, सामान आहे, पाण्याचा हिशेब आहे. पण सगळ्यामागे ते सहा वाजलेलं घड्याळ आहे.

गड अकोले तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, उंची सुमारे १४२० मीटर. हा नुसता किल्ला नाही. १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं हे दक्षिणेकडचं टोक. उत्तरेला १६४६ मीटरचं कळसूबाई, मध्ये भंडारदरा, रतनगड, घाटघर आणि खाली हा गड, असा साडेतीनशे चौरस किलोमीटरहून मोठा पट्टा आहे. आपण अभयारण्यात रात्र काढायला जातोय हे मनात पक्कं असलं, की पुढच्या अर्ध्या गोष्टी आपोआप ठरतात.

आधी ऋतू ठरवा

पहिल्यांदा मुक्कामाला जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा. आकाश मोकळं, वाट कोरडी, गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांत पाणी. थंडी मात्र गृहीत धरा. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. मुंबईत पहाटे १८ अंश असतील तर गडावर नऊच्या आसपास, आणि वर वारा. 'सह्याद्रीत कसली थंडी' म्हणून एका शालीवर आलेली पोरं रात्रभर बसून काढताना मी पाहिली आहेत.

पावसाळ्यात गड अतिशय सुंदर असतो, पण तेव्हा तंबूचा मुक्काम नवख्यांनी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. धुक्यात पठारावर दहा पावलांपुढचं दिसत नाही, पाचनईच्या वाटेवरचा ओढा तासाभरात चढतो, कपडे एकदा भिजले की वाळत नाहीत. तेव्हा एका दिवसात वर जाऊन उजेडी परत या. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला, तसंच परतीच्या पावसात, विजांचा धोका सगळ्यात जास्त. उघड्या पठारावर त्या दिवसांत तंबू नकोच. मार्च-एप्रिलमध्ये ऊन, पाण्याची ओढ आणि वणवा, तिन्ही एकदम असतात.

शनिवारची रात्र शक्य असेल तर टाळा. मधल्या वारी गेलात तर तोच गड वेगळा भेटतो. महाशिवरात्रीला वर यात्रा भरते. ती अनुभवायची असेल तर जरूर जा, पण शांतता शोधायला त्या दिवशी जाऊ नका. तारे बघायचे असतील तर अमावस्येच्या मागेपुढे जा. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो. चंद्र नसेल तर मध्यरात्रीनंतर नुसतं आडवं पडून राहावं.

तीन वाटा, आणि त्यातली तुमची कोणती

पाचनईची वाट सगळ्यात सोपी. मुंबईकडून कसारा, घोटी, राजूर आणि पुढे पाचनई. पुण्याकडून आळेफाटा, ओतूर, कोतूळ करत येता येतं. एसटी मोजक्या आहेत, वेळ राजूरच्या स्थानकावर विचारून घ्यावी. चार-सहा जण असाल तर जीप परवडते. गावातून निघालं की चढ लागतो, मग एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटाखालून वाट आडवी जाते. डोक्यावर पुढे आलेला कडा, बाजूला दरी, मोक्याच्या जागी रेलिंग. तिथून पुढे झाडीतून, मंगळगंगेच्या ओढ्याच्या सोबतीनं सरळ गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी. पाठीवर सामान घेऊन अडीच ते तीन तास. मुक्कामाच्या पहिल्या ट्रेकला हीच वाट घ्या.

खिरेश्वरची वाट लांब आणि जास्त रंगतदार. कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर माळशेज घाट चढून गेलं की खुबी फाटा. तिथून धरणाच्या भिंतीवरून पाचेक किलोमीटरवर खिरेश्वर. गावाजवळचं नागेश्वराचं जुनं मंदिर बघून निघालं की तास-दीड तासात तोलार खिंड. खिंडीत वाघाचं शिल्प कोरलेला दगड आहे. इथेच चूक होते. खिंडीतून सरळ पलीकडे उतरणारी वाट कोथळे गावाला जाते. गडाची वाट डावीकडे वर चढते. पुढे कातळटप्पा, रेलिंग धरून चढायचा. तो संपला की माणसाला वाटतं पोहोचलो, आणि खरी चाल तिथून सुरू होते. पठारावर एकामागून एक टेकाडं, प्रत्येकाच्या पलीकडे मंदिर असेल असं वाटत राहतं. एकूण साडेचार ते सहा तास धरा. या पठारावर ढोरवाटा फार. गुरांच्या पायांनी मळलेली वाट माणसाच्या वाटेपेक्षा ठळक दिसते आणि अलगद भलतीकडे नेते. दर पाच-सात मिनिटांनी बाण, रेलिंग किंवा खुणेच्या दगडांची उतरंड दिसली पाहिजे. दिसली नाही तर शेवटची खूण जिथे पाहिली तिथपर्यंत मागे यायचं. पुढे जाऊन शोधायचं नाही.

तिसरी नळीची वाट. कोकणातल्या बेलपाड्याहून, कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या पश्चिमेकडच्या उभ्या कातळभिंतीच्या, कुशीतल्या अरुंद नाळेतून ती वर येते. मोठे दगड, घसारा, दोर लागणारे टप्पे आणि अख्खा दिवस. चार-पाच वर्षांचा अनुभव, दोर हाताळणारा म्होरक्या आणि बेलपाड्याचा वाटाड्या असल्याशिवाय तिचा विचार करू नये.

परवानगी आणि गावातली दहा मिनिटं

अभयारण्यात शिरताना वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून पावती घ्यावी लागते. वर तंबू कुठे लावू द्यायचे, गुहांत राहू द्यायचं की नाही, हे नियम बदलत असतात. म्हणून निघण्याच्या आठवड्यात राजूरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात किंवा पाचनईतल्या जेवण देणाऱ्या घरी फोन करून विचारा. दोन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या अनुभवावर जाऊ नका. त्या वेळी मुक्काम बंद असेल तर पाचनईत किंवा खिरेश्वरात कुणाच्या अंगणात तंबू लावायचा आणि पहाटे चारला वर निघायचं. हाही उत्तम ट्रेक होतो.

गावात पोहोचल्यावर घाई न करता दहा मिनिटं बसा. चहा घ्या आणि तीन प्रश्न विचारा. कोणत्या टाक्याचं पाणी सध्या पितात? वाटेत कुठे दरड किंवा मोहोळ आहे? काल-परवा बिबट्या फिरकला का? ज्या माणसाचा रोजचा पाय त्या वाटेवर आहे, त्याच्याइतकी ताजी माहिती कोणत्याही ॲपवर नसते. किती जण आहात, कोणत्या वाटेनं उतरणार, उद्या किती वाजता परत, हे त्याला सांगून ठेवा. तेच घरी एका माणसाला लिहून पाठवा आणि ठरल्या वेळेनंतर चार तास फोन आला नाही तर काय करायचं, तेही त्यातच लिहा.

तुमच्याकडे तंबू नसेल तर विकत घ्यायची घाई करू नका. हंगामात पाचनईचे लोक वर तंबू भाड्यानं देतात, पिठलं-भाकरी रांधतात. त्यांच्याकडे जेवलात तर तुमच्या सॅकमधून दोन किलो उतरतं आणि त्यांच्या घरी दोन पैसे जातात. पहिल्या खेपेला मी हाच सल्ला देतो.

सॅक

भरलेली सॅक तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नको. साठ किलोच्या माणसाला बारा किलो, तेही पाण्यासकट. घरी वजनकाट्यावर ठेवून बघा आणि ती पाठीवर घेऊन इमारतीचे दहा मजले चढा. काय काढायचं ते तिसऱ्या मजल्यावर कळतं.

माणशी लागणारं सामान असं:

- मॅट आणि पाच अंशांपर्यंत चालेल अशी स्लीपिंग बॅग
- लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर, वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, मोजे दोन जोड
- झोपायचे कोरडे कपडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. काही झालं तरी चालताना घालायचे नाहीत
- हेडटॉर्च आणि जास्तीचे सेल. मोबाइलची बॅटरी म्हणजे टॉर्च नव्हे
- तीन लिटर पाणी मावेल अशा बाटल्या
- शिट्टी, छोटा चाकू, पाच-सहा मीटर बारीक दोरी, चिकटपट्टी
- क्षारसंजीवनीची पाकिटं, बँडेज, क्रेप पट्टी, आपापली रोजची औषधं
- कचऱ्यासाठी दोन जाड पिशव्या

मॅट आणि स्लीपिंग बॅग यांत पैसे कमी असतील तर आधी मॅट चांगली घ्या. गडावर मातीचा थर पातळ आणि खाली कातळ. रात्री थंडी वरून लागते त्यापेक्षा जास्त खालून चढते. जीन्स घरी ठेवा. घामानं ओली झाली की ती वाळत नाही, आणि वाऱ्यात अंगाला चिकटून सगळी ऊब काढून घेते.

बुटांबद्दल एक अनुभव सांगतो. तोलार खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर माझ्या सोबत्याच्या उजव्या बुटाचा तळ अख्खा सुटून हातात आला. बूट वरून नवेकोरे दिसत होते. तीन वर्षं कपाटात नुसते पडून होते. न वापरलेल्या बुटांचा गोंद आणि तळाखालचा फेसासारखा थर आतल्या आत कुजतो, आणि भार आला की सुटतो. आम्ही तळ जागेवर दाबला, चवड्यावर आणि टाचेवर चिकटपट्टीचे चार-चार वेढे दिले, वर दोरीचा आठच्या आकड्यासारखा फास घोट्याभोवती घेतला. असं करत तो उतरला, पण दोन तासांच्या वाटेला पाच तास लागले. तेव्हापासून निघायच्या आठ दिवस आधी मी बूट घालून किमान दोन वेळा तासभर चालतो आणि तळ हातानं ओढून बघतो.

भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, जड वस्तू पाठीला लागून मध्यावर, पाणी आणि खाऊ हाताशी. सॅकच्या आत सगळ्यात आधी एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सामान तिच्यात भरा. बाहेरून घालायचं आवरण जोराच्या पावसात पुरत नाही.

घड्याळ उलटं लावा

आता त्या सहा वाजल्यापासून मागे येऊ. सूर्यास्ताला कोकणकड्यावर निवांत बसायचं, तर साडेपाचला तंबू उभा आणि पाणी भरलेलं हवं. त्यासाठी साडेचारला वर पोहोचायला हवं. पाचनईहून तीन तास आणि एक तास राखीव, म्हणजे साडेबाराला गाव सोडायचं. खिरेश्वरहून जाणार असाल तर सकाळी नऊच्या पुढे निघूच नका. प्रवासात गाडी बिघडली, कुणी उशिरा आलं आणि पाचनईलाच चार वाजले, तर त्या दिवशी गावात राहा. हा निर्णय रस्त्यात चिडचिडीत घेता येत नाही, म्हणून तो घरीच सगळ्यांच्या समोर ठरवून ठेवा.

चढताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा. गाणं म्हणता येत नाही पण वाक्य पुरं करता येतं, तो बरोबर. सगळ्यात हळू चालणारा पुढे, अनुभवी माणूस सगळ्यात मागे, आणि मधल्या कुणालाही पुढचा आणि मागचा दिसलाच पाहिजे. तासाला अर्धा लिटर पाणी, तहानेची वाट न बघता घोटाघोटानं. कातळटप्प्यावर किंवा कड्याखालच्या आडव्या वाटेवर एका वेळी एकानंच पुढे जायचं. वरच्याच्या पायानं निसटलेला दगड खालच्याला लागतो, म्हणून दगड सुटला की जोरात 'दगड!' ओरडायचं. कुणाला दृष्टिभय, म्हणजे उंचीवरून खाली बघायची भीती, असेल तर त्याला हसू नका. सॅक त्याच्या पाठीवरून घ्या, एक जण पुढे, एक मागे, आणि नजर पुढच्या पावलावर ठेवायला सांगा.

तंबूची जागा

वर पोहोचल्यावर चहा नंतर. आधी तंबूची जागा. उजेड असतानाच पठारावर एक फेरी मारून ती शोधा.

कोकणकड्याच्या काठावर तंबू लावायचा नाही. फोटोंमध्ये दिसतात, म्हणून सगळ्यांना लावावासा वाटतो. रात्री झोपेतून उठून लघवीला जाणारा माणूस अर्धवट जागा असतो, आणि कडा तिथे सरळ खाली कोसळतो. काठापासून किमान शंभर पावलं आत या, आणि तंबूचं दार कड्याच्या उलट दिशेला ठेवा, म्हणजे बाहेर पडलेलं पहिलं पाऊल आत पठाराकडेच पडेल.

ओढ्याच्या पात्रात आणि पठारावरच्या खोलगट बशीसारख्या जागेत लावायचा नाही. खोलगट जागा वाऱ्यापासून आडोशाची वाटते, पण थंड हवा जड असते आणि रात्री तिथेच येऊन साचते. पहाटे तंबू दवानं निथळतो. थोडीशी उंच, किंचित उताराची, आधीच पायांनी मळलेली जागा उत्तम. डोकं चढाच्या बाजूला. हिरवं गवत, सोनकीची फुलं, कारवीची झुडपं असलेली जागा मोडून नवी जागा करू नका. इथली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तिच्यावर एका रात्रीसाठी तंबू टाकणं मला तरी पटत नाही.

खुंटे हा इथला खरा प्रश्न. दोन बोटं माती, खाली बेसॉल्ट. खुंटा ठोकला की वाकतो. त्यासाठी तंबूच्या दोऱ्या दगडांना बांधायच्या. साधारण नारळाच्या दुप्पट आकाराचा दगड घ्या, दोरीचा फास त्याच्या पोटाभोवती द्या, आणि तो ओढला गेला तरी सरकू नये म्हणून त्याच्या पुढ्यात, तंबूच्या बाजूला, दुसरा जड दगड रेटून ठेवा. दोरी दगडाच्या धारेवर घासत असेल तर मध्ये मोज्याची किंवा कापडाची घडी. वाऱ्याच्या तोंडाची बाजू आधी बांधा. हे दगड मंदिराच्या, तटबंदीच्या किंवा खुणेच्या उतरंडीतले घेऊ नका, आणि सकाळी जिथून उचलले तिथे परत ठेवा. उचलताना आधी काठीनं हलवा. खाली विंचू किंवा फुरसं असू शकतं.

तंबूची वरची झडप किंवा जाळी थोडी उघडी राहू द्या. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की श्वासाची वाफ आतून कापडावर जमते आणि पहाटे तोंडावर ठिबकते.

पाणी

माणशी हिशेब असा: चढताना दीड लिटर, रात्रीचा स्वयंपाक आणि चहा दीड, रात्र ते सकाळ एक, उतरताना एक. म्हणजे पाच लिटर, पाच किलो. गावातून तीन लिटर घेऊन निघा, उरलेलं वर टाक्यातून. ज्या टाक्याचं पाणी गावकरी पितात तेच घ्या, गाळून घ्या, आणि खळखळून एक मिनिट उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. थंड पाण्यात गोळीला आणखी वेळ द्या. मार्चनंतर टाकी आटत जातात. तेव्हा सगळं पाणी खालून न्यायची तयारी हवी.

टाक्यात हातपाय धुवायचे नाहीत, भांडी बुडवायची नाहीत. पाणी काढून घ्यायचं आणि पन्नास पावलं लांब जाऊन वापरायचं. केदारेश्वराच्या गुहेलाही हेच लागू. मोठ्या शिवलिंगाभोवती कमरेइतकं बर्फासारखं पाणी आहे. चार खांबांपैकी एकच शाबूत उरलाय, आणि हे खांब म्हणजे चार युगं ही कथा तिथे प्रत्येक जण सांगतो. प्रदक्षिणेला पाण्यात उतरलात तर साबण नको आणि पायांतले बूट तर नकोतच.

चूल नको, गॅस

अभयारण्यात शेकोटी पेटवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवायला आणि तो तसाच सोडून जायला मनाई आहे. कायद्याचं राहू द्या, डिसेंबरपासून पठारावरचं गवत कापराइतकं वाळलेलं असतं आणि वारा थांबत नाही. एक ठिणगी पुरते. वणव्यानंतर काळा पडलेला डोंगर ज्यानं पाहिलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

छोटा गॅस बर्नर आणि साधारण २३० ग्रॅमची एक डबी चार जणांच्या एका रात्रीला पुरते. बर्नर सपाट कातळावर, वाऱ्याच्या बाजूला सॅकचा आडोसा, पण डबी चारही बाजूंनी झाकायची नाही, ती तापते. तंबूच्या आत कधीही पेटवू नका, पाऊस आला तरी. जळत्या गॅसचा विषारी वायू वास न येता माणसाला झोपवतो.

पहिल्या दुपारी घरून आणलेले धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी. रात्री खिचडी: माणशी दीड मूठ तांदूळ, पाऊण मूठ मूगडाळ, घरीच हळद, मीठ, मसाला मिसळून एका पिशवीत. तांदूळ-डाळ पोहोचल्या पोहोचल्या भिजत टाका. तासभर भिजली की गॅस निम्मा लागतो. वर तूप. वाटेत चिक्की, शेंगदाण्याचे लाडू, खजूर. झोपण्यापूर्वी मूठभर दाणे खा, अंगात ऊब राहते.

कोकणकडा

पश्चिमेकडे तोंड करून घोड्याच्या नालेच्या आकारात आत वळलेली ही हजार फुटांहून खोल कातळभिंत म्हणजे गडाचं काळीज. मंदिरापासून चालत अर्धा तास. संध्याकाळी खालून कोकणातला वारा वर येतो आणि टाकलेलं वाळकं पान पुन्हा हातात देतो. सकाळी पाठीवर ऊन आणि खाली दरीत धुकं असेल तर धुक्यावर गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मध्यात आपलीच सावली दिसते, ते इंद्रवज्र. मला ते एकदाच दिसलं, मोजून चार मिनिटं. आम्ही सहा जण होतो आणि कुणीही बोललं नाही.

काठाकडे जाताना शेवटची दहा फूट पालथं पडून सरका. उभं राहून डोकावू नका. काठावरचं वाळकं गवत निसरडं असतं आणि वाऱ्याचा झोत अचानक थांबतो. कड्यावर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, फटाके यांनी ती उठतात. उठलीच तर तोंड-मान कापडात गुंडाळून झटापट न करता तिथून दूर, झाडीत किंवा तंबूत शिरा, आणि काटे चिमटीत न धरता नखानं किंवा कार्डानं खरवडून काढा.

शौचाची गोष्ट, नीट

याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून गडाची मागची बाजू कशी झालीय ते बघवत नाही. निघताना गावातल्या शौचालयात जाऊन घ्या. वर जावंच लागलं तर पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ऐंशी पावलं लांब, जिथे माती खोल आहे अशा झाडीच्या कडेला वीतभर खड्डा करा आणि बुजवा. कातळावर वीतभर खड्डा होत नाही. म्हणून जागा आणि खुरपं संध्याकाळीच बघून ठेवा. कागद आणि ओले रुमाल पुरायचे नाहीत, पिशवीत घालून परत आणायचे. सॅनिटरी पॅडसाठी वर्तमानपत्राचे तुकडे आणि झिप लागणारी काळी पिशवी वेगळी ठेवा. गटात मुली-बायका असतील तर म्होरक्यानं हे सगळं निघण्यापूर्वीच मोकळेपणानं सांगावं. कुणी संकोचानं पाणी पिणं कमी करतं आणि उन्हात चक्कर येते.

रात्र

अन्न तंबूबाहेर पिशवीत ठेवू नका; माकडं पहाटे येतात आणि चेन उघडतात, किंवा कापड फाडतात. बूट तंबूच्या आत घ्या आणि सकाळी झटकून घाला. अंधारात बाहेर पडताना टॉर्च पायाखाली आणि पाऊल जोरात टाका. बिबट्या इथे आहे, पण माणसांच्या गटाजवळ तो सहसा येत नाही. एकट्यानं, विशेषतः लहान मुलांनी, रात्री लांब जाऊ नये इतकं पुरे. स्पीकर लावू नका. शेजारच्या तंबूत कुणी मैलोन् मैल चालून हीच शांतता ऐकायला आलेलं असतं.

कुणी थरथरायचं थांबलं, पण शब्द अडखळतायत आणि गाठ मारता येत नाही, तर ते बरं वाटण्याचं लक्षण नाही; थंडी आत शिरलीय. ओले कपडे काढा, कोरडे घाला, खालून दोन मॅट, शुद्धीत असेल तर गरम गोड पाणी, आणि दोन माणसांच्या मध्ये झोपवा.

काही झालंच तर

साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळपट्टी बांधायची नाही. अंगठी-कडं काढा, तो अवयव काठ्यांच्या आधारानं न हलेलसा बांधा, चावल्याची वेळ लिहा, आणि माणसाला चालवत न नेता उचलून खाली आणा. राजूर-अकोल्याच्या सरकारी दवाखान्यांपैकी कुठे प्रतिविष आहे ते गाडी निघतानाच फोनवर विचारा.

गडावर रेंज कधी येते, कधी जाते. आणीबाणीचा ११२ क्रमांक आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक निघण्यापूर्वी प्रत्येकाच्या फोनमध्ये हवा, आणि एका कागदावरही. नकाशा आधीच उतरवून घ्या. शिट्टीची खूण: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. वाट चुकलात आणि अंधार झाला तर चालणं थांबवा. जखमीला एकटं सोडू नका. खाली निरोप न्यायला दोघे जा.

वीज कडाडली आणि आवाज तीस सेकंदांच्या आत आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. कडा, शिखर, एकटं झाड, रेलिंग सोडा, खालच्या अंगाला जा, एकमेकांत अंतर ठेवा.

सकाळ

पहाटे पाचला उठा. तारामती या गडावरच्या शिखरावर जायचं तर मंदिरामागून टॉर्चच्या उजेडात वाट धरा. पाऊण तासात माथा, आणि माळशेजच्या अंगाचे डोंगर एकेक करून उजळताना दिसतात. परत येऊन तंबू उन्हात उलटा पसरून वाळवा, ओला गुंडाळला तर वजनही वाढतं आणि बुरशीही धरते.

सामान भरून झालं की सगळ्यांनी एका ओळीत उभं राहून तंबूच्या जागेवरून हळूहळू चाला, नजर जमिनीवर. चॉकलेटच्या कागदाचा कोपरा, काडीपेटीची काडी, संत्र्याची साल, सगळं पिशवीत. दुसऱ्याची एक बाटलीही उचला. पिशवी पाचनईत टाकू नका, गावात ती उचलायला कुणी येत नाही. तुमच्या शहरापर्यंत न्या.

उतरताना दहापूर्वी निघा. गुडघ्यांवर भार येतो, म्हणून काठी घ्या, पावलं लहान ठेवा, आणि कड्याखालच्या आडव्या वाटेवर फोन खिशात ठेवा. खाली पोहोचल्यावर ज्याला सांगून गेला होतात त्याला 'आलो' म्हणून सांगा, मग घरी फोन करा.